घार, बेकन आणि अक्कांच्या कुरडया

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, भर चैत्रात, लातूर शहरात, उघड्या गच्चीवर बेकनला गुळाचा पाक चढवणे हे शेजारधर्मास घातक आहे. हे मी ऐकीव सांगत नाही. मी चढवलाय.

बेकन म्हणजे मीठ लावून धुरावलेल्या डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या. हैदराबादहून एका मित्रानं बर्फात घालून आणलेल्या. आमच्याकडे वशाट स्वयंपाकघरात शिजत नाही. त्याची शेगडी, तवा, ताटं सगळं गच्चीवर. बायकोनं पाकिटाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वर जा. आन् आंघोळ केल्याबिगर माझ्या भांड्याला हात लावू नका."

वर गेलो आणि थबकलो. शेजारच्या गच्चीत, कमरेएवढ्या भिंतीपलीकडे, ओल्या धोतरावर कुरडयाच कुरडया. आमच्या शेजारच्या अक्का गळ्यात लिंग बांधणाऱ्या. त्यांच्या उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा येत नाही. कुरडया मुलीच्या रुखवताच्या. लग्न इतकं तोंडावर की पुन्हा गहू भिजवून, आंबवून, चीक काढायला सवडच नव्हती. वशाटाचा एक कण पडला असता तरी सगळ्या टाकाव्या लागल्या असत्या, आणि उदगीरच्या व्याह्यांपुढे रुखवत उघडं पडलं असतं.

"काय करायलाव, भाऊ?" अक्कांनी विचारलं.

"गुळाचं हाय काहीतरी, अक्का."

"करा, करा. पाखरावर जरा ध्यान ठेवा. मी घोटभर पाणी पिऊन येते."

म्हणजे राखणदार कोण, तर मी!

मंद आचेवर पट्ट्या कुरकुरू लागल्या. सुटलेली चरबी ओतून काढली. गूळ, लाल तिखट, चिमूटभर काळा मसाला आणि लिंबू. पाक फेसाळला तसा पट्ट्यांवर माखला. काय तो वास! मी डोळे मिटून हुंगत होतो. डोळे उघडले, तेव्हा गल्लीतली कुत्री आमच्या फाटकापाशी ओळीनं बसली होती. एकही भुंकत नव्हतं. समोरच्या तारेवरचे कावळेही गप्प. वारा पडलेला. एवढी शांतता मी फक्त निकालाच्या आधी अनुभवलीय.

पट्ट्या ताटात निवत ठेवल्या. तेवढ्यात ताटावरून एक सावली सरकली. परत आली. या खेपेला मोठी होऊन.

मी काठी उचलेपर्यंत घारीनं झडप घातली होती! एक पट्टी पायात घेऊन ती उडाली ती थेट अक्कांच्या गच्चीवर. आणि तिथंच घोटाळली. पाक अजून ओला होता. पट्टी तिच्या नख्यांना घट्ट चिकटली. तिला ती चोचीत घ्यायची होती आणि ती सुटेना. मग बाईनं हवेतच पाय झाडायला सुरुवात केली. बरोब्बर कुरडयांच्या वर!

अक्का जिन्याच्या तोंडाशी उभ्या, हातात तांब्या. मी भिंतीपाशी काठी धरून पुतळा. हाकलावी तर दचकून टाकील. न हाकलावी तर झाडून टाकील. पट्टी एका टोकानं सुटली आणि लोंबू लागली. तिची सावली एकेका कुरडईवरून फिरत होती. अक्कांचे ओठ हलत होते. मला वाटलं, महादेवाचा धावा चाललाय.

शेवटी घार कलली, भिंत ओलांडून आमच्या पाण्याच्या टाकीवर उतरली आणि पाय वर धरून निवांत पट्टी सोलत बसली. कुरडया वाचल्या. मुलीचं रुखवत थाटात मांडलं गेलं, आम्ही जेवूनही आलो. पण घार डोक्यावर असताना अक्का पुटपुटत होत्या तो धावा नव्हता. 'गुळाचं काहीतरी' म्हणजे नेमकं काय, हे त्या पाणी प्यायला खाली गेल्या तेव्हाच माझ्या बायकोनं त्यांना सांगून टाकलं होतं. शेवटच्या घिरटीला त्यांचा आवाज फुटला आणि अख्ख्या गल्लीनं ऐकला:

"ती डुकराची पट्टी टाकायचीच असंल तर टाक गं बये, पण ह्या भाऊच्या टकुऱ्यावर टाक!"