खंडेनवमीचं पिस्तूल

२०२३ साल. मला सत्त्याहत्तरावं लागलं होतं आणि आमच्या गावात शाळेपुढे शिळा बसणार होती.

गावातून लढाईवर गेलेल्यांची नावं त्या शिळेवर कोरायची, असं ग्रामसभेत ठरलं. आमचं गाव पाथर्डीच्या पुढे, माळावर. पाऊस कमी, म्हणून पलटणीत गेलेली माणसं जास्त. नावं गोळा झाली, त्यात माझ्या बापाचं नाव नव्हतं. मी सरपंचाकडे गेलो. पोरगं माझ्या नातवाच्या वयाचं, पण बोलायला नीट.

"आबा, कागूद दाखवा, नाव घालतो. सगळ्यांकडून घेतलाय."

बापाचे कागद पेटीत होते आणि पेटी वाळवीनं कधीच खाल्ली होती. मी म्हणालो, "कागूद न्हाई. त्याचं लढाईतलं पिस्तूल हाय."

"मग त्याच्यावरनं कुनी जाणकार लिहून देतोय का बघा. खंडेनवमीच्या आदल्या दिशी यादी पाथरवटाला जायची हाय."

बाप फार बोलणारा माणूस नव्हता. एवढंच सांगायचा, की इटलीत एका नदीच्या काठी साहेब पडला आणि पडता पडता त्यानं कमरेचं पिस्तूल याच्या हातात दिलं. परत द्यायला गेला तर कोणी घेतलं नाही. नदीचं नाव त्याला सांगता यायचं नाही. मला वाटायचं, पिस्तूल सांगेल.

माझा चुलतभाऊ पारावर बसून होता. तो माझ्याच वयाचा, आणि लहानपणापासून एकच गोष्ट बोलत आलेला.

"तुजा बाप नगरच्या छावणीत खेचरांना पानी पाजीत हुता. पिस्तूल बाजारात घेतलं आसंल."

"तू बघाया गेलतास?"

"तू तरी गेलतास का?"

याच बोलण्यापायी मला फार मागेच जुन्या पिस्तुलांचा नाद लागला होता. मी चौथी शिकलेला. इंग्रजी अक्षर मला नुसतं नक्षीसारखं दिसतं. पण लष्करी पिस्तुलावर खुणा ठोकलेल्या असतात, त्यावरून ते कुठल्या पलटणीत, कुठल्या लढाईत होतं ते कळतं, हे कानावर आलं आणि मी तशी पिस्तुलं हुडकत फिरायला लागलो. दोन विकत घेतली. एक सोनईच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरचं, एक नगरला एका बाईंकडचं, नवरा गेल्यावर त्यांना ते घरात नको होतं. बापाचं धरून तिन्हींच्या नळ्या शिसं ओतून बंद केलेल्या आहेत, तसे कागद माझ्याकडे आहेत. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला लोखंडाचं वेड लागलं. म्हणू देत. त्या दोन्हींचा इतिहास कळला की बापाच्या पिस्तुलाशी ताडून बघता येईल, असा माझा विचार. बापाचं मात्र मी कधी कोणाला तपासायला दिलं नव्हतं. खऱ्याला तपासायचं कशाला?

यादी जायच्या दिवशीच नगरला लागून असलेल्या भिंगारला एक रिटायर सुभेदार भेटणार होता. हयात हत्यारांत गेलेली. तिन्ही पिस्तुलं फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली, कागद खिशात ठेवले आणि एसटीनं नगर गाठलं.

सुभेदारानं आधी सोनईचं घेतलं. मुठीमागची पट्टी भिंगाखाली धरली आणि वर्तमानपत्र वाचावं तसं वाचायला लागला. ही पलटणीची खूण, हा नंबर, ही पलटण पहिल्या लढाईत बसऱ्याला होती. मग बाईंकडचं. हे दुसऱ्या लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात. कोणाची कोण ती पिस्तुलं, आणि घडाघडा बोलत होती. माझी छाती भरून आली. मी बापाचं पुढे ठेवलं.

त्यानं ते उजेडाला धरलं. मुठीकडून बघितलं, नळीकडून बघितलं, उलटं केलं. चहा आला तरी त्यानं कप उचलला नाही.

"बाबा, हे घासतं कोण?"

"मी. माज्या आधी बाप घासायचा."

"कशानं?"

"विटकरीच्या भुकटीनं. वर रॉकेलचा बोळा. आता डिझेल. दर खंडेनवमीला, तोंड दिसंस्तवर."

"दिसतं का तोंड?"

"दिसतं की."

"आता तेवढंच दिसतंय," तो म्हणाला आणि त्यानं भिंग खाली ठेवलं. "खुणा फार खोल नसतात हो. ही दोन कोणी पाटावर मांडली नाहीत, म्हणून त्यांच्या राहिल्या. याच्या पट्टीवर, अगदी खाली, एका अक्षराचा पाय उरलाय. कुठलं अक्षर, मला सांगता येणार नाही."

मी म्हणालो, "शस्त्र मळकं ठिवून पुजा करत्यात का कुटं?"

"तसं मी कुठं म्हणालो? लष्करातलं आहे, एवढं लिहून देतो. कोणाचं, कुठल्या पलटणीतलं, ते नाही लिहिणार. उद्या कोणी विचारलं तर मी खोटा पडेन."

"लष्करातलं हाय एवढं तर आमच्या चुलतभावाला बी ठावं हाय," मी म्हणालो आणि पिशवी उचलली.

दिवस मावळायच्या आत गावात आलो. सरपंच पारावर मोबाईल हातात घेऊन माझीच वाट बघत होता. चुलतभाऊ शेजारी.

"काय म्हनलं पिस्तूल?" चुलतभावानं विचारलं.

"काय न्हाई."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. टोमणा येणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण तो सरपंचाकडे वळला. "घाल बाबा ह्याच्या बापाचं नाव. किती दिस ऱ्हायल्यात आमचे? मी सही करतो, गेलता म्हनून."

सरपंच लगेच तयार. "सांगा आबा, नाव कसं लिहू?"

सगळा पार माझ्याकडे बघत होता. एक शब्द बोललो असतो तर बाप शिळेवर गेला असता.

"नगं," मी म्हणालो.

"आरं, मी म्हनतोय ना," चुलतभाऊ म्हणाला.

"तू म्हनतोयस म्हनूनच नगं. आतापत्तुर खेचरं राखीत हुता, आन आज दया आली म्हनून इटलीला गेला व्हय?"

 मग सरपंचानं यादी पाथरवटाला पाठवून दिली. मोबाईल बारीक वाजला. चुलतभाऊ काठी टेकत उठला आणि घराकडे गेला. तंबाखूसुद्धा मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अंगणात विळे, खुरपी, कुऱ्हाड धुऊन मांडली होती. रात्री माझ्याकडून सगळं ऐकलेली सूनबाई म्हणाली, "आबा, पिस्तूल औंदा तसंच ठेवा की. खुना जात्यात म्हनं."

मळकं शस्त्र पाटावर ठेवायचं नाही, हे बापानं स्वतः माझ्या हातात विटकर देऊन सांगितलं होतं. बाकीचं खरं का खोटं, ते सांगणारं आता कोणी उरलं नाही. मी परसातली वीट फोडली, दगडावर भुकटी केली, डिझेलचा बोळा घेतला आणि घासायला बसलो. पट्टीचं खालचं टोक आलं तेव्हा हात थांबवला नाही. ऊन अंगणात आल्यावर बोट फिरवून बघितलं, तर कुठं काही लागत नव्हतं. मग हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि ते पाटावर ठेवलं. ती दुसरी दोन पिशवीतच होती.