नको म्हणायची मुभा

कमरुन्निसा आपांनी आजवर किती लोकांना किती प्रश्न विचारले, हे त्यांनाही सांगता येणार नाही. लातूर जिल्ह्यात असं गाव सापडणं अवघड, जिथल्या कुठल्या ना कुठल्या ओट्यावर बसून त्यांनी फॉर्म भरलेला नाही. पाणी किती लांबून आणता, सोयाबीन कुणाला घालता, पोरीचं लग्न कितव्या वर्षी केलं, संडास वापरता की त्यात सरपण ठेवता. कुठल्या तरी कॉलेजातल्या सरांना प्रकल्प मिळतो, सर एकदा येऊन फोटो काढून जातात आणि उरलेलं गाव आपांच्या पायाखालून जातं. मी दीपमाला, बरीच वर्षं त्यांच्यासोबत फिरते. त्या विचारतात, मी टॅबवर टिपते. संध्याकाळी परतीच्या जीपमध्ये त्या चपला काढून सुजलेले पाय समोरच्या सीटखाली सरकवतात आणि लातूर येईपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. दिवसभर दुसऱ्याचं ऐकून माणसाचं बोलणं संपत असावं.

त्यांचे मिस्टर नासिरभाई शिलाई मशीन दुरुस्त करतात. मुलगा जीशान डॉक्टरकीच्या क्लासला जातो, म्हणजे लातुरातली सगळीच पोरं जातात तसा. आपांची नोकरी मात्र कधीच नोकरी नव्हती. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक महिना घरी, मग पुन्हा कुणाच्या तरी केबिनबाहेरच्या बाकावर बसून राहायचं. एवढं करून अहवाल छापला की त्यात सगळ्यांची नावं असतात आणि आपांना ‘क्षेत्रीय सहकार्य’ म्हणतात. मला याचा राग येतो. आपांना येत नाही, किंवा येऊन येऊन आता तो विटला असेल.

यंदाचा प्रकल्प दयानंद सरांचा, केंद्राच्या निधीवरचा. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावांमधल्या म्हाताऱ्या बायकांचा अभ्यास. किल्लारीच्या मुलाखती मार्चच्या आत जमा झाल्या तर पुढचा हप्ता येणार होता आणि हप्ता आला तर आपांची ऑर्डर थेट दोन वर्षांची निघणार होती. दोन वर्षं बाकावर बसायचं नाही, म्हणजे आपांसाठी लॉटरीच. तसं सरांनी तोंडभरून सांगितलंही होतं.

ऐन घाईत वरून पत्र आलं. प्रकल्पातल्या प्रत्येकानं, सरांपासून टॅबवालीपर्यंत, संशोधनातल्या नैतिकतेचं प्रशिक्षण घ्यायचं. प्रमाणपत्राशिवाय गावात पाऊल टाकायचं नाही. प्रशिक्षण नांदेडला, दोन दिवसांचं.

“आता हे आपल्याला नीती शिकवणार,” सर म्हणाले. खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं.

सकाळच्या एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत आम्ही नांदेड गाठलं. गारठलेला हॉल, भिंतीवर सरकणारी अक्षरं, दुपारी पुरी-भाजी आणि जेवणानंतर सगळ्यांच्या माना खाली. सर मागच्या रांगेत निधीच्या खर्चाचे कागद मोबाईलवर निस्तरत होते. त्यांना दोष देत नाही, त्यांच्याही मागे वरच्यांचा ससेमिरा होताच. आपा तेवढ्या पुढे बसून ऐकत होत्या. ऐकणं हाच त्यांचा धंदा, त्यामुळे त्यांना झोप लागली नसावी. दुसऱ्या दिवशी मॅडमनी संमतीचा विषय काढला. मुलाखतीआधी माणसाला स्पष्ट सांगायचं की उत्तर देणं सक्तीचं नाही, मधेच थांबता येतं, नको म्हटलं तरी काही बिघडत नाही.

आपा हात वर करून उभ्या राहिल्या. “मॅडम, समोरच्या बाईला वाटत असंल की आम्ही सरकारची माणसं आहोत, तर?”

“तर आधी तो गैरसमज काढायचा,” मॅडम म्हणाल्या. “तो असेपर्यंत तिचा होकार हा होकार नाही. मग अंगठा असो नाहीतर सही.”

आपा खाली बसल्या. परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीला डोकं टेकवलं होतं, पण डोळे उघडे होते. “दीपा,” त्या मधेच म्हणाल्या, “साखरामावशींना वाटतं गं तसं.”

किल्लारीच्या साखराबाई शरणप्पा आमच्या हक्काच्या होत्या. कुणीही यावं, काहीही विचारावं, त्या सांगायच्या. भूकंपात त्यांची आठ वर्षांची मुलगी गेली. त्या दिवसांत फायली घेऊन साहेब लोक यायचे, नुकसान लिहून घ्यायचे, त्यावरून घरं मिळायची. त्यांच्या दिरानं एकाला चिडून हाकलून दिलं आणि पुढं नेमकं त्याचंच घर यादीत मागं पडलं. का पडलं ते देव जाणे. साखराबाईंनी मात्र मनाशी पक्कं धरलं, की फाईलवाल्याला नाही म्हटलं की घर जातं. घरांचे सर्व्हे कधीच संपले. त्यानंतर आले ते आमच्यासारखे, कुणी पीएचडीसाठी, कुणी प्रकल्पासाठी. साखराबाईंना सगळे सारखेच. त्या आपल्या तोंड धुवून बाजेवर बसत आणि पाढा म्हणावा तसं सांगत. आमच्या फॉर्मात त्याची एक ओळ व्हायची. ‘मयत : मुलगी, वय आठ.’ सून एकदा आम्हाला निरोप देताना सहज बोलून गेली होती, की तुम्ही गेलात की त्या दोन दिवस जेवत नाहीत.

त्या दिवशीही आम्ही ओसरीत टेकायच्या आत त्यांनी सुरुवात केली. “त्या राती गनपती बुडवून आलो, पोरगी दमून झोपली...”

“मावशी, थांबा. आधी माझं ऐका.”

“आता कामून थांबवलंस? लिही की.”

आपांनी फॉर्म पिशवीतच ठेवला. “मी सरकारकडून आलेली नाही. तहसीलची नाही. कॉलेजातून आलेय. तुम्ही सांगितलं नाही तर तुमच्या घराला, रेशनला, निराधारच्या पगारीला, कशाला काही होत नाही.”

साखराबाई हसल्या. “येडी का काय? दिराचं काय झालं ठावं हाय न्हवं?”

“ते घरं वाटायचे सर्व्हे होते. ते संपून जमाना झाला. त्यानंतर आले ते सगळे आमच्यासारखे.”

“समदे?”

“समदे.”

“तू बी? मागल्या टायमाला आलतीस ती?”

“मी बी.”

म्हातारीनं बाजेची दोरी मुठीत धरली. “म्हंजी तवाबी नको म्हनता आलं असतं मला?”

आपा गप्प राहू शकल्या असत्या. विषय बदलता आला असता, आमच्या कामात ते रोजचं आहे. माझ्या डोळ्यांपुढे दोन वर्षांची ऑर्डर नाचत होती आणि त्यांच्याही नाचत असणार. त्या म्हणाल्या, “हाव, मावशी. आलं असतं.”

“दर खेपेला लेकीला उकरून काढलं म्या,” साखराबाई म्हणाल्या. “घर जाईल म्हनून. कवा तुमच्यासाटी, कवा दुसऱ्यासाटी.” रडणं नाही, आरडाओरडा नाही. “आता न्हाई सांगायचं मला. च्या घ्या आन जावा.”

चहा आम्ही घेतला. नाही म्हणायची आमची प्राज्ञा नव्हती.

बातमी आमच्या आधी गल्लीत पोचली. दुसऱ्या दिवशी गेलो तर एकेक दार पाणी विचारायचं, बसायला चटई टाकायचं आणि वर म्हणायचं, “सक्तीचं न्हाई म्हनं. मंग ऱ्हाऊ द्या.” चार-दोन जणींनी आपणहून सांगितलं, ते घेतलं. बाकी सगळीकडे आपांनी नकाराच्या चौकटीत खूण केली. आजवर आम्ही ती चौकट रिकामीच सोडत आलो होतो.

सर अहवाल पाहून डोक्याला हात लावून बसले. “कमरूबाई, असं काय बोललात तुम्ही तिथं?”

“नांदेडला शिकवलं तेच, सर.”

“अहो, ते वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा. पटवून कशाला द्यायचं?” सर ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “मी वर काय कळवू सांगा.” मला त्या घडीला त्यांचीही कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

आपांची ऑर्डर निघाली नाही. कुणी काढून टाकलं नाही, नुसती निघाली नाही. या कामात माणसाला असंच घालवतात. त्यांच्या जागी स्वप्नाली नावाची नुकतीच एमए झालेली मुलगी घेतली. टायपिंगला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मला ऑफिसात बसवलं. मी मूग गिळून बसले.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी आपांकडे गेले. नासिरभाई दुकानात होते. आपा ओढण्यांना पिको करत होत्या, पाय मशीनच्या पायटीवर, सुजलेलेच. “बरंय,” म्हणाल्या. “इथं कुणाला काही विचारावं लागत नाही.” मी म्हणाले, तुम्ही गप्प बसला असता तर. त्यांनी दोरा दातानं तोडला. “बसले असते गं. पण मग पुढच्या खेपेला त्यांच्या दारात मला जाता आलं असतं का?”

तेवढ्यात फोन वाजला. हात ओढणीत गुंतलेले, म्हणून आपांनी स्पीकर लावला.

“कमरू, साखराबाई बोलून राहिले. तू म्हनलीस ते पुन्यांदा सांग. नको म्हनलं तर घराला काय होत न्हाई नं?”

“काही होत नाही, मावशी.”

“नक्की?”

“नक्की.”

“दारात एक पोरगी आलीय फाईल घिऊन. ठिवते.”

फोन ठेवला खरा, पण बंद केला नाही. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. “बाळा, उन्हाची आलीस, पानी पी. पर म्या न्हाई सांगनार.”

“आजी, दोनच मिनिटं...” हा आवाज स्वप्नालीचा. मी ओळखला.

“न्हाई म्हनलं नं.” दम दिलेला नव्हता, पण आवाजात कापरंही नव्हतं. मग तांब्याचा आवाज. स्वप्नाली उठली असेल असं मला वाटलं, आणि साखराबाई पुन्हा बोलल्या. “बस की जरा. ती वही आत टाक. माजी सिंधू तुझ्यावानीच हुती, पानी पिताना निम्मं अंगावर सांडायची...”

मी पुढे वाकले. सिंधू. एवढ्या वर्षांत हे नाव मी टॅबवर कधी लिहिलं नव्हतं, फॉर्मात नावाला जागाच नव्हती. त्या पोरीची आणखी एखादी गोष्ट ऐकायला मिळेल म्हणून मी कानात प्राण आणून बसले, आणि आपांनी हात सोडवून फोन कट केला.

“आपा, ऐकायचं की!”

“नाही, दीपा,” त्या म्हणाल्या आणि ओढणी पुन्हा सुईखाली घेतली. “त्या मला सांगून नाही राहिल्या.”