मसाल्याची बाजू

माझ्या मासिकाचा चौथा अंक एका माणसावर होता, आणि तो मी त्या माणसालाच वेळेत दाखवला नाही. याची कारणं मी पुष्कळ जणांना सांगितली आहेत. ती सगळी खरी आहेत.

मासिक सिनेमाचं होतं आणि फक्त टॅब्लेटवर निघायचं. बेसाच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या खोलीत बसून मी एकटीच ते करायची. मुलाखती, फोटो, पानांची मांडणी, आवाज जोडणं आणि शेवटी ॲपच्या दुकानाकडे मंजुरीला पाठवणं, सगळं. नटनट्यांबद्दल त्यात काही नसे. थिएटरबाहेरचे बोर्ड रंगवणारे, दाराशी तिकीट फाडणारे, अशा लोकांबद्दल असे. लिहायची इंग्रजीत, कारण शाळा इंग्रजी माध्यमाची आणि मराठी लिहायची भीती वाटायची. छापत का नाहीस, असं कोणी ना कोणी विचारायचंच. कागदावरच्या चित्रावर उजेड वरून पडतो. टॅब्लेटवर तो चित्राच्या मागून येतो, सिनेमाच्या फिल्मला येतो तसा. हे उत्तर मी मनात नीट जुळवून ठेवलं होतं. विचारलं की मात्र "असंच" म्हणायची.

चौथा अंक कामठीतल्या एका बंद पडलेल्या थिएटरच्या ऑपरेटरवर करायचा ठरवलं. ऑपरेटर म्हणजे मशीनवर फिल्म चढवून सिनेमा चालवणारा माणूस. आईच्या ऑफिसातल्या एका बाईंनी पत्ता दिला. बेसाहून कामठी म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकाच्याही पुढे. शेअर ऑटोत कोपऱ्यात बसून मी सगळे प्रश्न मराठीत पाठ केले होते.

त्यांच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. ऑपरेटर काका पलंगावर बसले होते. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "नमस्कार. मी आपली मुलाखत घेण्यासाठी आले आहे."

"बातम्या सांगितल्यासारखी काहून बोलते वं?" ते म्हणाले. "बस आधी."

"बसू तं द्या तिले," आतून काकू म्हणाल्या. "आल्या आल्या घेतलं पोरीले धारेवर."

काका मोठ्याने बोलत. जन्मभर मशीनशेजारी उभं राहिल्यामुळे आवाज तसाच पडला, असं ते सांगत. मी रेकॉर्डर चालू केला आणि मग प्रश्न विचारायची वेळच आली नाही. थोड्या वेळाने त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ओढला. आत फिल्मचे तुकडे होते, दोन-दोन, तीन-तीन फ्रेमचे.

"फिल्म तुटली का जोड द्या लागे," ते म्हणाले. "जोड देताना तुटलेल्या जागचे फ्रेम कापा लागत. बाकीचे ऑपरेटर फेकून देत. म्या ठेवले. म्हंजे पाय, कामठीच्या पब्लिकनं जे पाह्यलंच नाही, ते या डब्यात हाय."

"तीनदा घर बदललं," काकू मला म्हणाल्या. "माह्या बांगड्यांची पेटी हरवली. हा डबा नाही हरवला."

काकांनी एक तुकडा काढून खालच्या ओठाला लावला. मला वाटलं ते मुका घेतायत, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

"इकडं पाय. फिल्मले दोन बाजू राह्यते. एक गुळगुळीत अन् एक मसाल्याची. चित्र मसाल्यात असते. केबिनमधल्या अंधारात डोळ्यानं समजत नाही, मंग ओठाले लावाची. चिकटली तं मसाला. उलटी चढवली का पडद्यावर सगळं उलटं, डाव्याचं उजवं. घे, लाव."

मी तुकडा घेतला. ओठाजवळ नेला. त्यावर कित्येक वर्षांची धूळ होती आणि आत्ताच त्यांचा ओठ लागला होता. "समजलं," म्हणून मी तो परत दिला.

"लावली नाही तुनं."

"समजलं, खरंच."

"कॉन्व्हेंटची पोट्टी हाय," काका काकूंना म्हणाले आणि दोघंही हसले.

निघताना त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. काचबिंदू होता. औषधाचे थेंब चालू होते, पण गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "थेटरात पडद्याच्या दोन्ही बाजूले काळं कापड राह्यते ना, पिक्चरच्या मापानं आत-बाहेर सरकवाचं? तसं आत सरकून राह्यलं, रोज थोडं थोडं. मधातलं दिसते अजून." मग त्यांनी माझ्या टॅब्लेटच्या काचेवर बोट ठेवलं. "याच्यावर हे फ्रेम मोठे होतीन?"

"हो."

"केवढे?"

"पूर्ण काचेएवढे."

"मागून उजेड?"

"मागून उजेड."

"कधी?"

"दिवाळीच्या आत. नक्की," मी म्हटलं. नक्की हा शब्द मी सहसा वापरत नाही.

त्यांनी डबा माझ्याकडे दिला. मी पुढचे काही आठवडे ते तुकडे एकेक करून स्कॅन केले. मऊ ब्रशने धूळ झटकायची, स्कॅनरच्या काचेवर ठेवायचं, झाकण लावायचं. हाताला ज्या बाजूने येई त्या बाजूने ठेवायची. कडेची भोकं आणि तिथली बारीक अक्षरं मी स्कॅनमधून कापून टाकली, पान स्वच्छ दिसावं म्हणून. एका पानावर एकच फ्रेम. तिला बोट लावलं की काकांचा आवाज सुरू होई. मी आजवर केलेल्या कामांत ते सगळ्यात चांगलं होतं. एका सकाळी मी ते मंजुरीला पाठवलं आणि कामठीला जाऊन डबा परत केला. "झालं?" काकांनी विचारलं. "पाठवलंय," मी म्हटलं. टॅब्लेट मी घरीच ठेवून गेले होते.

चार दिवसांनी ॲपच्या दुकानाकडून नकार आला. चित्रपटांतली दृश्यं वापरण्याचा हक्क तुमच्याकडे असल्याचं पत्र जोडा. मी लिहिलं की हे कापून टाकलेले तुकडे आहेत, अर्ध्याहून जास्त फ्रेम कोणत्या सिनेमातल्या आहेत हे ऑपरेटरलाही आठवत नाही, मग पत्र कोणाकडून आणू? उत्तरात पहिलाच मजकूर आला, स्वल्पविरामासकट तोच. खाली एका बाईचं नाव होतं. ही बाई खरी असेल का याचा मी पुष्कळ विचार केला. तिला मी आणखी तीनदा लिहिलं, प्रत्येक वेळी जास्त नम्रपणे.

आईने एकदा भाजी निवडताना विचारलं, "तुझ्या टॅबवर तर आहे ना ते सगळं?"

"आहे."

"मग घेऊन जा अन् दाखव त्यांना. काहून थांबली?"

"तो ड्राफ्ट आहे. अजून पब्लिश नाही झालं."

"त्यांना काय करायचं पब्लिशशी? त्यांना पाहायचं आहे."

"आई, तुला नाही समजणार ते."

"बरं. मोठ्या संपादक तुम्ही," आई म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

आमच्या शाळेत प्रत्येक विषयाच्या दोन वह्या असत, रफ आणि फेअर. रफ वही कोणाला दाखवायची नसे. चौथीत मी चुकून रफ वही तपासायला दिली, तेव्हा बाईंनी ती कोपऱ्याला दोन बोटांत धरून वर्गाला दाखवली होती. खाडाखोड, कडेला काढलेली फुलं, सगळं. मला वाटतं तेव्हापासून मी कोणालाही कुठलीच गोष्ट पूर्ण झाल्याशिवाय दाखवलेली नाही. आईला हे सांगितलं असतं तर तिला समजलं असतं. मी सांगितलं नाही.

दिवाळी गेली. काका फोन करत. मला फोन घेणं जमत नाही. वाजायचा थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसते आणि मग मेसेज पाठवते. काकांचा फोन बटणांचा होता. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवायची की काम चालू आहे, लवकरच होईल. ते मेसेज त्या घरात कोणीच वाचत नव्हतं, हे मला पुढे कळलं.

एकदा घेतला फोन.

"काय वं, मंजूर झालं का तुह्यं?"

"नाही काका. ते लोक पत्र मागतायत."

"कोनते लोकं?"

"माहीत नाही."

"मी बोलू का त्यायच्याशी?"

"त्यांच्याशी बोलता येत नाही, काका. लिहावं लागतं."

पलीकडे यंत्रमाग ऐकू येत होते. "बरं," ते म्हणाले. "मधातलंही कमी होऊन राह्यलं आता. सांगून ठेवतो तुले."

तेव्हा तरी उठून जायला हवं होतं. मी त्या बाईला पाचवं पत्र लिहिलं. त्यात पहिल्यांदा काकांच्या डोळ्यांबद्दल लिहिलं. उत्तर तेच आलं.

थंडी संपता संपता मी हार मानली. सगळ्या फ्रेम काढून टाकल्या. त्यांच्या जागी डब्याच्या झाकणाचे, काकांच्या हातांचे, बंद थिएटरच्या दाराचे फोटो टाकले. दोन दिवसांत मंजुरी आली. अंक निघाला. काही वाचकांनी छान म्हणून कळवलं. त्यात काय नाही हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

आता वाट पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. फ्रेम असलेला अंक टॅब्लेटवर तसाच होता, रफ. तो घेऊन मी कामठीला गेले.

दार काकूंनी उघडलं. "आली का," म्हणाल्या, आणि मग हळू आवाजात, "संक्रांतीपासून नाही दिसत त्यायले. उजेड तेवढा समजते."

काका पलंगावर त्याच जागी होते, पण तोंड जरा भलत्या दिशेला होतं. मी शेजारी बसून टॅब्लेट त्यांच्यासमोर धरला आणि पहिली फ्रेम उघडली. उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे.

"उजेड हाय," ते म्हणाले.

मी पान उलटलं.

"बदललं का? पिवळं झालं थोडं."

"हो."

"आता तू सांग काय हाय ते."

मी काही पाठ करून आले नव्हते. "एक बाई आहे," मी म्हटलं. "विहिरीवर उभी आहे. डोक्यावर ते पाण्याचं, पितळेचं..."

"गुंड," काकू म्हणाल्या.

"गुंड आहे. ती डावीकडे बघते आहे."

"उजवीकडं."

"नाही काका, डावीकडे."

"डावीकडं तं विहीर हाय. विहिरीत काय पायते? तिचा माणूस उजवीकडून येते. दोन हप्ते चालवला म्या तो पिक्चर." ते थांबले. "ओठाले लावून पाह्यली होती?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. "डबा आन," असं काकूंना म्हणाले. काकू डबा आणताना पुटपुटल्या, "आंधळे झाले तरी मशीन सुटत नाही यायची."

मग दुपारभर आम्ही ते केलं. काका एकेक तुकडा ओठाला लावत आणि मसाल्याची बाजू वर करून, म्हणजे सुलटा, मला देत. मी खिडकीच्या उजेडात चित्र पाहून टॅब्लेटवरचं पान शोधी आणि ताडून बघे. निम्म्याहून जास्त पानं उलटी निघाली. मधेच मी त्यांना सांगितलं की ही पानं कुठेच निघणार नाहीत, ती फक्त या एका टॅब्लेटवर आहेत.

"म्हंजे कोनी पायणार नाही?"

"मी बघेन."

"मंग तुले तरी सुलटं दिसू दे," ते म्हणाले आणि पुढचा तुकडा उचलला. तो त्यांनी ओठाला लावला नाही, माझ्याकडे धरला. "हा तू लाव."

मी लावला. काढताना ओठाची कातडी त्याच्याबरोबर जराशी ओढली गेली.

"चिकटला?"

"हो."

"कशाचं चित्र हाय?"

मी तो खिडकीकडे धरला. "रस्ता आहे. दोन्ही बाजूंना झाडं. बाकी काही नाही."

"मोटार नाही?"

"नाही."

"त्या रस्त्यावरून मोटार जाते. गेली का अजून याची हाय?"

"ते कसं समजणार, काका?"

"धूळ पाय ना. उडून राह्यली असंन तं गेली."

मी तुकडा डोळ्याजवळ नेला. रस्त्यावर धूसर काहीतरी होतं. ती चित्रातली धूळ होती की फिल्मवरची, ते सांगता येत नव्हतं. मी ओढणीच्या टोकाने हलकेच पुसलं आणि पुन्हा उजेडात धरलं.

"काय?" काकांनी विचारलं.

मी आणखी एकदा पुसलं.