एका पॉवर फॉरवर्डच्या बदल्यात

व्हर्निता स्टॉलवर्थला बघायच्या आधी माणसाला तिचा आवाज ऐकू यायचा. टोलेडो शहरातल्या शाळांच्या पिवळ्या बस चालवणारे आम्ही पंधरा-वीस जण. सकाळी पोरांना शाळेत सोडलं की दुपारपर्यंत डेपोच्या खोलीत कॉफी, पत्ते आणि रेडिओ. रेडिओवर ड्यूक केसलर नावाच्या माणसाचा खेळांवरचा कार्यक्रम लागायचा. त्यात फोन करून भांडणाऱ्यांमध्ये आमची व्हर्निता सगळ्यात पुढे. सहा फूट उंच बाई, भिंतीवरच्या फोनची वायर ताणून उभी राहायची आणि बोलायला लागली की पत्ते खेळणारे आपला डाव विसरायचे.

त्या वर्षी तिचा राग एकाच गोष्टीवर होता. आमच्या शहराच्या बास्केटबॉल संघाला पॉवर फॉरवर्ड नव्हता. बाकी सगळं होतं. चेंडू पळवणारे होते, लांबून टाकणारे होते, उंच सेंटर होता. पण बास्केटखाली खांदा लावून उभा राहील, उडालेला चेंडू दुसऱ्याच्या तोंडचा काढून आणेल, असा दांडगा गडी नव्हता. जो होता, तो थकलेला आणि बुटका. आदल्या वसंतात फायनलच्या दारातून आम्ही परत आलो ते त्याच्यामुळेच. समोरचा गडी त्याच्या डोक्यावरून चेंडू उचलत होता, जसं काही फडताळातून डबा काढतोय.

व्हर्निताला हे झोंबायचं, कारण शाळेत ती स्वतः त्याच जागेवर खेळलेली. तिच्या कोपराच्या खुणा अंगावर बाळगणाऱ्या बायका अजून चर्चमध्ये भेटतात. पण तेव्हा शाळा संपली की मुलींचा खेळही संपायचा. पुढे काही वर्षांनी मुलींना खेळावर कॉलेजात फुकट शिकायला मिळायला लागलं, तोवर हिच्या पदरात दोन पोरं आणि हातात बसचं स्टिअरिंग आलं होतं. "चार वर्षं उशिरा जन्माला घातलं असतं तर आईचं काय बिघडलं असतं?" असं ती म्हणायची. न हसता म्हणायची.

जानेवारीत बोलणी सुरू झाली. फेब्रुवारीत खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, त्याआधी कोणाला आणायचं यावर गाव पेटलेलं. तीन नावं होती. एक पश्चिमेकडचा पोरगा, पेत्राक. लांबून छान टाकायचा, पण अंगाला धक्का लागला की पंचांकडे बघायचा. दुसरा म्हातारा बिक्सबी, स्वस्तात मिळणारा, गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. आणि तिसरा लांबच्या स्पोकेन शहराच्या संघातला डेशॉन व्हिटलो. रेडा नुसता. त्याचा संघ हरत होता, त्याचं तिथे कोणाशी पटत नव्हतं आणि त्याला तिथून निघायचंच होतं. पण त्याचा पगार मोठा. लीगचा नियम असा की दोन्हीकडचे पगार साधारण जुळले पाहिजेत, त्यामुळे एका व्हिटलोसाठी आपले दोन-तीन जण बांधून द्यावे लागणार होते.

"पेत्राक काय करायचाय?" व्हर्निता फोनवर ओरडली. "दुकानाच्या काचेत उभा करायचाय का? आणि बिक्सबीला खेळवायचं तर आधी त्याला खुर्ची द्यावी लागेल. व्हिटलो आणा!"

"पण बाई, बदल्यात कोणाला द्यायचं?" केसलरने विचारलं.

"कोणालाही द्या! माझ्या सख्ख्या भावाला द्या बांधून! पण तो गडी मला बास्केटखाली पाहिजे!"

डेपोत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. केसलरला तर लॉटरीच लागली. दुसऱ्या दिवसापासून त्याचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी व्हर्निताचं ते वाक्य वाजायला लागलं. गॅरेजमध्ये, न्हाव्याकडे, सगळीकडे "माझ्या सख्ख्या भावाला द्या बांधून!" तिला आवडलं होतं ते. नाही कशाला म्हणू.

मुदतीच्या दिवशी व्हिटलो आला. बदल्यात आमचा बुटका फॉरवर्ड गेला आणि त्याच्यासोबत केन्यन प्रुइट.

केन्यन आमचा. म्हणजे आमच्या डॉर स्ट्रीटच्या मागच्या गल्लीतला. पाच वर्षं व्हर्निताच्या बसमधून शाळेत गेलेला, पुढच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसणारा. मोठा होऊन दोन गावांच्या संघांतून खेळला आणि कमी पैशांत टोलेडोच्या संघात परत आला, कारण त्याची आई रोझलिन हिच्या किडन्या गेल्या होत्या. ती व्हर्निताच्या घरापासून दोन घरं सोडून राहायची. आठवड्यातून तीनदा पहाटे डायलिसिस. संघ गावात असला की केन्यन स्वतः तिला घेऊन जायचा, नसला की रुग्णालयाची व्हॅन. त्या व्हॅनबद्दल रोझलिन जे बोलायची ते मी लिहीत नाही.

सौद्याची बातमी आली तेव्हा तो रुग्णालयातच होता. आईला सुया लावलेल्या, हा शेजारी बसलेला, आणि वर टीव्हीच्या तळाशी त्याचं नाव सरकत गेलं. कोणीतरी म्हणालं, "अरे, हा तूच ना?" आठवड्यापूर्वी संघाचा जनरल मॅनेजर हॉलिस याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला होता, की तू कुठेही जात नाहीस, आईची काळजी घे. आणि आता फोनसुद्धा नाही.

त्या दुपारी केसलरने व्हर्निताचं वाक्य तीनदा वाजवलं. "घ्या बाई! दिला तुमचा भाऊ!" असं म्हणून हसला. व्हर्निता डेपोत उभी होती. तिने रेडिओची वायर खेचून काढली आणि रेडिओ कचऱ्याच्या डब्यात टाकला. रेडिओ माझा होता.

मग तिने फोन लावला. केसलरने तिला आनंदाने लगेच कार्यक्रमात घेतलं.

"माझा आवाज काढून टाक," ती म्हणाली.

"अहो बाई, पण मागणी तुमचीच होती!"

"होती. सौदा चुकलाय असं मी म्हणतेय का? पण त्याची आई सुया लावून पडली होती आणि तू हसत होतास. तुझ्या आईच्या मयतीलाही असंच वाजवून हस."

फोन आपटला. संध्याकाळी ती प्रुइटांच्या घरी गेली. मला म्हणाली, "ओटिस, तू चल, नाहीतर मी काहीतरी फोडीन." रोझलिनने दार अर्धं उघडलं, बघितलं आणि म्हणाली, "भावाला न्यायला आलीस? बांधतोय तो सामान." आणि दार तसंच सोडून आत निघून गेली.

केन्यन बॅगेत बूट कोंबत होता. बूट बसत नव्हते, तो तरी कोंबतच होता.

"मिस व्हर्नी," तो वर न बघता म्हणाला, "मला सगळे सांगतायत की हा धंदा आहे, मनावर घेऊ नकोस. तुम्ही खरं सांगा. तुम्ही हॉलिसच्या खुर्चीत असता तर केला असता हा सौदा?"

मला वाटलं, आता तरी ही बाई खोटं बोलेल. कोणीही बोललं असतं.

"केला असता," ती म्हणाली. "पण आधी तुला घरी बोलावून, जेवायला वाढून, तोंडावर सांगितलं असतं. आणि शब्द दिला नसता."

केन्यनने बूट भिंतीवर फेकला. "चालते व्हा," तो म्हणाला. आम्ही निघालो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला, "आईला त्या व्हॅनमध्ये बसवू नका." विनंती नव्हती ती. हुकूम होता.

व्हर्निताने सकाळची फेरी सोडली. जुनी माणसं ज्या फेरीसाठी वर्षानुवर्षं वाट बघतात ती तिची फेरी, जवळची, सरळ रस्त्याची. ती एका नव्या ड्रायव्हर पोरीला दिली आणि स्वतः फक्त दुपारची घेतली. पहिल्या पहाटे ती आपली गाडी घेऊन रोझलिनच्या दारात थांबली. रोझलिन बाहेर येईना. व्हर्निता हॉर्न वाजवत बसली. शेजारपाजारचे दिवे लागले, कुत्री उठली. शेवटी रोझलिन आली आणि मागच्या सीटवर बसली, टॅक्सीत बसावं तशी.

"कुठे जायचं माहितीये ना?" तिने विचारलं. नंतर कित्येक आठवडे तेवढंच. एकदा बर्फात गाडी घसरली तेव्हा मात्र रोझलिनने मागून असा काही उद्धार केला की व्हर्निताने गाडी बाजूला घेतली, दोघी रस्त्याच्या कडेला अर्धा तास भांडल्या, जे जे म्हणायचं होतं ते ते म्हणून घेतलं, आणि डायलिसिसला उशिरा पोचल्या. त्यानंतर बोलणं सुरू झालं. गोड नाही, पण बोलणं.

आणि व्हिटलो? व्हिटलोने आमचा संघ उचलून नेला. जूनमध्ये आम्ही अजिंक्यपद जिंकलो. शेवटच्या सामन्यात त्याने दोन गड्यांच्या मधून असा चेंडू काढला की व्हर्निता रोझलिनच्याच सोफ्यावरून उठून किंचाळली. रोझलिनने रिमोट तिच्या पाठीत मारला आणि टीव्ही बंद केला. शेवटचा भाग त्यांनी बघितला नाही. रस्त्यावरचे फटाके ऐकून कळलं.

मिरवणुकीसाठी शहराने आमच्या बस घेतल्या. खेळाडू उघड्या ट्रकवर, आणि बाकी लवाजमा, म्हणजे संघाच्या कचेरीतले लोक, पाहुणे, शाळेचा बँड, आमच्या बसमध्ये. व्हर्निताच्या बसमध्ये कचेरीतले लोक आले. पहिल्याच सीटवर गॉगल लावून हॉलिस.

मी मागच्या बसमध्ये बँडची पोरं घेऊन होतो. हॉटेलपासून सगळ्यांनी सरळ नदीकडे जायचं होतं. व्हर्निता डावीकडे वळली. मला वाटलं, पुढे रस्ता बंद असेल, म्हणून मीही वळलो. आणखी एक वळण, आणि आम्ही आमच्याच गल्लीत. रोझलिनच्या घरासमोर तिने बस उभी केली, ब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात टाकली. मी धावत तिच्या बसच्या दारापाशी गेलो.

"उतरा," ती हॉलिसला म्हणत होती. "हे केन्यन प्रुइटचं घर. आत त्याची आई आहे. तिच्या पोराला शब्द दिला होतात तुम्ही. जा, तिला सांगा, की मी खोटं बोललो."

"बाई, हे योग्य नाही," हॉलिस म्हणाला. "मी शब्द दिला तेव्हा खरंच तसं ठरलं नव्हतं. परिस्थिती बदलते."

"मग बदलली म्हणून फोन करता येतो. बोटं तुटली होती का?"

मागचे लोक ओरडायला लागले. कोणी पोलिसांना फोन करत होतं. मी म्हणालो, "व्हर्निता, पुरे. नोकरी जाईल." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या बसमधल्या पोरांनी कंटाळून ढोल वाजवायला सुरुवात केली आणि गल्लीतले लोक बाहेर आले. त्यांच्या नजरा बघून असेल किंवा नुसता उकाड्याने असेल, हॉलिस उतरला. पायऱ्या चढून त्याने दार वाजवलं.

रोझलिन घरच्या झग्यातच बाहेर आली. त्याने काहीतरी हळू आवाजात सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मोठ्याने बोल," ती म्हणाली. "माझ्या किडन्या गेल्यात, कानही अर्धे गेलेत. आणि या सगळ्यांनाही ऐकू दे."

"मी त्याला आधी सांगायला हवं होतं," हॉलिस मोठ्याने म्हणाला.

"हवं होतं," रोझलिन म्हणाली आणि दार लावून घेतलं.

व्हर्निताची चौकशी झाली. प्रवासी अडवून ठेवले, मार्ग सोडला, पोरांची बसही मागे ओढली. यातलं काहीच खोटं नव्हतं. युनियनकडून मी तिच्या बाजूने बोललो, पण साहेबाने विचारलं, "उद्या दुसऱ्या ड्रायव्हरला राग आला तर?" तिचं स्टिअरिंग काढून घेतलं. निवृत्त होईपर्यंत तिने बस धुतल्या आणि डिझेल भरलं.

तिला वाटलं होतं, केन्यन तरी खूश होईल. त्याचा फोन आला तो शिव्या द्यायलाच. "माझ्या आईला दारात उभं करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? आता इथे सगळे मला आईच्या पदराआडचा म्हणतायत! माझं भांडण होतं, ते माझं मला भांडू द्यायचं होतं!" व्हर्निताने ऐकून घेतलं, मग तीही सुरू झाली. एवढ्या लांबच्या फोनवर दोघांनी एकमेकांची लाज काढली. ते दोघं त्यानंतर कधी बोलले की नाही, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी त्याने आईला स्पोकेनला नेलं. तो आता तिथल्या एका शाळेत पोरांना खेळ शिकवतो.

रोझलिन स्पोकेनला जायच्या आधी मी तिला एकदा विचारलं, की व्हर्निताने त्या दिवशी केलं ते बरोबर होतं का?

"बरोबर?" ती म्हणाली. "नोकरी घालवली बयेने, माझ्या पोराला चिडवलं, आणि मला झग्यात अख्ख्या गावासमोर उभं केलं." मग म्हणाली, "डायलिसिसच्या खोलीत मी ती गोष्ट दर खेपेला सांगते. झोपलेली माणसंसुद्धा उठून ऐकतात."