रिकामे ठोके मी सांगितले, शाबासकी अभिला

म्हणजे परत मीच गप्प बसायचं? लहानपणापासनं हेच चाललंय की!

मंडळी, माझा धाकटा भाऊ अभि कोल्हापुरात कॉम्प्युटर शिकतोय. मी नववी नापास, तिकडं तमिळनाडूत होसूरला कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेस मशीनवर हाय.

काल त्याचा फोन आलता. प्रोसेसरनं किती काम केलं ते मोजणारा काउंटर आतच असतोय म्हणं. "दादा, प्रोग्राम तोच, पण आकडा दरवेळी हिशेबापेक्षा जास्तच येतोय. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुकादम, त्याचं कामबी त्यातच मोजलं जातंय."

मी म्हटलं, "आमच्या प्रेसचा काउंटर पत्रा नसताना पडलेले रिकामे ठोकेबी मोजतोय. आम्ही ते वजा करतोय. तू आधी रिकामा प्रोग्राम चालव, त्याचा आकडा वजा कर."

आज आकडा जवळजवळ जुळला. सरांनी वर्गात विचारलं, "कसं सुचलं रे?" तर हा म्हणाला, "असंच, सर."

वर मलाच हसत सांगतोय! लई जळलो. जेवण गेलं न्हाय. त्या बाकावर मी का न्हाय? तुम्हाला सख्ख्या भावाचं असं कधी वाटलंय का? खरं सांगा.

आता त्याला पुढच्या मोजणीसाठी स्वतःचा लॅपटॉप पाहिजे, सेकंडहँड. मी शिव्या घालून फोन ठेवला.

पाठवतोय. अकरा हजार.