तिसऱ्या हाकेचा माणूस

पडदा वर जातो तेव्हा समोर फक्त एक दार दिसतं. रावेरहून बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक लांबलचक शेड, मागे सातपुड्याची निळी कड, तिच्यावर मावळतीचा शेवटचा केशरी उजेड. दार जाड, पांढरं. दिवसभर भाजून काढणारं चैत्राचं ऊन आता कुठे दमलं आहे. कुणीतरी आतून कडी ओढतं, दार कण्हतं, आणि थंड धुकं जमिनीलगत सरपटत बाहेर येतं. त्या धुक्यातून एक माणूस निघतो. उंच, जरासा वाकलेला, भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर आणि डोक्याला मफलर. अशी एंट्री भल्याभल्या नटांना मिळत नाही. पण इथे टाळी वाजवायला कुणी नाही. ट्रकमध्ये बसलेला ड्रायव्हर तेवढा जांभई देतो.

हा उखर्डू तोताराम बऱ्हाटे. केळी पिकवायच्या थंड खोल्यांचा राखणदार. त्या खोल्यांना इथे सगळे चेंबर म्हणतात. केळी मुकी दिसते, पण पिकताना ती श्वास घेते, आणि बंद चेंबरमध्ये इतका घेते की माणसाच्या वाट्याला उरत नाही. म्हणून वेळच्या वेळी दार उघडायचं, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मगच आत पाऊल टाकायचं. मिसरूड फुटल्यापासून उखर्डू हेच करत आला.

त्याच्या नावाला कारण होतं. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथा हा जन्मला तेव्हा सुइणीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेलं, क्षणभर टेकवलं, आणि शेजारणीने ‘कचऱ्यात सापडलं वं माय’ म्हणत उचलून आणलं. नाव ठेवलं उखर्डू. मरणाने दाराशी यावं, नाव ऐकून नाक मुरडावं आणि पुढे जावं, असा तो डाव. खानदेशात असे डाव घरोघर खेळले गेले. पण त्याची आई भागाबाई तेवढ्यावर थांबली नाही. पोराला समज येताच तिने त्याच्या कानात एक नियम ओतला.

“पहिली हाक त्याची, दुसरी वाऱ्याची, तिसरी माणसाची. तिसरीलेच ओ दे, बाप्पा.”

उखर्डूने हा नियम जन्मभर पाळला. शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या. बायको, सुगंधाबाई, रीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव घेत नव्हती, ‘अहो’वर भागवत होती, म्हणून संसार सुरळीत चालला. शेडमधले लोक तर सवयीने एका दमात तीनदा हाक मारायचे. साक्रीकडचा हमाल छगन ओरडायचा, “उखर्डूनाना, उखर्डूनाना, उखर्डूनाना! तीन दाव हाक मारानी मजुरी बी लागी बरं!” आणि सगळी शेड हसायची. उखर्डूही हसायचा, पण तिसऱ्या हाकेनंतरच.

मग एके दिवशी मालकाच्या पुतण्याने, ललितने, त्याला ऑफिसात बोलावलं.

“भाऊ, अठ्ठावन्न पूर्ण झाली तुम्हाला. फंडाची पेन्शन सुरू करता येते. काम सोडायची गरज नाही. पगार पण घ्या, पेन्शन पण घ्या.”

“काम चालू असतांना निवृत्त कसा व्हईन मी?” उखर्डू म्हणाला. “माणूस एक तं हाये, नही तं नही.”

“कागदावर निवृत्त व्हायचं, भाऊ! इथे आहातच की.”

उखर्डू उठला. पेन्शन मागायची म्हणजे आपण होऊन सांगायचं, मी अमुक, माझं इतकं वय भरलं, माझ्याकडे बघा. ज्याला आईने इतक्या हिकमतीने लपवलं, त्याने भर चौकात हात वर करायचा?

त्या संध्याकाळी सुगंधाबाई एरंडाची पानं तव्यावर गरम करून गुडघ्यांना बांधत बसली होती. बागेतून रस्त्यापर्यंत केळीचे घड डोक्यावर वाहून तिचे गुडघे कवठासारखे टणक आणि गोल झाले होते. पेन्शनची गोष्ट तिच्या कानावर आली होतीच. मान वर न करता ती एवढंच म्हणाली, “तुमाले पेन्शन लागली तं मी बागात जानं सोडीन.”

दुसऱ्या दिवशी उखर्डूने अर्जावर सही केली.

आणि त्याच सांजेला चौथ्या चेंबरमध्ये हाक आली.

“उखर्डूऽ.”

ती पुढून आली नाही की मागून आली नाही. क्रेटच्या थप्प्यांमधून आली. आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचा नव्हता. एखादं नाव कुणी पहिल्यांदाच उच्चारून बघावं, तसा तो सावकाश होता. उखर्डू पाठ करून उभा राहिला. दुसरी हाक येईल, तिसरी येईल, मग वळू. दुसरी आलीच नाही. दुसऱ्या सांजेला पुन्हा एकच हाक, एक थप्पी अलीकडून.

त्याने ललितला आडून विचारलं. ललित म्हणाला, “कोंडलेल्या हवेनं कानात वाजतं, भाऊ. दार जरा जास्त वेळ उघडं ठेवा.” त्याने ठेवलं. सगळं धुकं बाहेर गेलं, आतली भिंत स्वच्छ दिसू लागली, आणि त्या स्वच्छ, रिकाम्या जागेतून त्याचं नाव आलं.

घरी त्याने अवाक्षर काढलं नाही. सुगंधाबाईला कळलं असतं तर तिने अर्ज फाडायला लावला असता, आणि तेच गुडघे घेऊन ती पुन्हा बागेत गेली असती.

जळगावला एका हॉलमध्ये पेन्शनवाल्यांचं शिबिर होतं; दोघंही गेली. सुगंधाबाई नळावर पाणी प्यायला गेली आणि नेमकं तेव्हाच टेबलामागे बसलेल्या कारकून कुंदाबाईंनी पुकारलं, “उखर्डू तोताराम बऱ्हाटे!” थोडं थांबून पुन्हा एकदा. मग कागद बाजूला सारला. “गैरहजर.”

उखर्डू उठून टेबलाशी गेला. “बाई, मी इथीच व्हतो.”

“मग ओ द्यायला काय झालं? मौनव्रत आहे?”

“तुमी तिसरी हाक नही मारली.”

हॉलभर खसखस पिकली. कुंदाबाईंनाही हसू आलं. “आजोबा, आमच्याकडे तिसरी हाक नसते. पुढच्या शिबिराला या. आणि येताना जिवंत असल्यासारखे या.”

परतीच्या एसटीत सुगंधाबाई भुसावळपर्यंत गुडघे चोळत बसली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, “जनमभर आईच्या शब्दावर तीन हाका मोजल्या तुमी. माह्यासाठी एकीले ओ द्या.”

“देईन,” उखर्डू म्हणाला.

त्या सांजेची हाक अगदी त्याच्या कानाशी आली. मफलर हलला.

पुढच्या शिबिराला ती दोघं पहिल्या बाकावर बसली. सुगंधाबाई त्याला खेटून. भर सकाळ, खिडक्यांतून ऊन, वर पंखे घरघरत होते. उखर्डूचे पंजे चेंबरमध्ये पडतात तसे गार पडले होते.

“उखर्डूऽ.”

तो ताडकन उठला आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला, “ओ!”

हॉलभर माना वळल्या. कुंदाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “बसा, आजोबा. अजून तुमचा कागद हातात पण घेतला नाही मी.”

उखर्डूने बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

“कोनं बलावलं तुमाले?” तिने हळूच विचारलं.

“तू नही ऐकलं?”

तिने नकारार्थी मान हलवली आणि त्याची बाही घट्ट धरली. ओ तर देऊन झाली होती. दिलेली ओ परत घेता येत नाही.

“उभेच आहात तर या,” कुंदाबाई म्हणाल्या. कागद तपासले, यंत्रावर अंगठा टेकवून घेतला, शिक्का मारला. “झालं. आजपासून तुम्ही पेन्शनर.”

रावेरला उतरल्यावर तो घरी वळला नाही, शेडकडे चालू लागला. “आज नका जाऊ,” सुगंधाबाई म्हणाली. “केळी थांबीन का?” तो म्हणाला. मग तीही लंगडत मागे गेली आणि चेंबरसमोर एका उपड्या क्रेटवर पाय लांब करून बसली. पुढे जे झालं ते तिनेच सांगितलेलं आहे.

उखर्डूने चौथ्या चेंबरची कडी ओढली. हाक आली नाही. आत इतकी शांतता होती की छगननेही दूर ट्रकवर गाणं थांबवलं. आणि रोज जमिनीलगत सरपटत येणारं धुकं त्या दिवशी बाहेर आलंच नाही. उंबऱ्याच्या आत, माणसाच्या उंचीएवढं, ते नुसतं उभं राहिलं. जराही न हलता. कसली घाई नसल्यासारखं.

उखर्डूने मफलर सारखा केला. एक पाऊल पुढे टाकलं. आणि पाहुण्याशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाला,

“ओ दिली ते मीच दिली, नही म्हनत नही. पन कागदावर निवृत्त झालो मी, कामावर नही. हिनं आज कुठी पाय लांब केले. तू बस तिकडं थप्पीवर. मी सांगीन तव्हा उठ.”