बोहनीची खुर्ची

गेले चार दिवस ग्रुपवर ‘आयुष्यातली सगळ्यात स्वस्त आणि मस्त खरेदी’ यावरून नुसता धुमाकूळ चाललाय. कुणाला भंगारवाल्याकडे पितळी समई मिळाली, कुणाला चुकीच्या लेबलामुळे निम्म्या भावात साडी. वाचतेय मी सगळं. माझ्याकडेही एक खरेदी आहे, पण ती त्या धाग्यावर टाकायची हिंमत झाली नाही... म्हणून इथे, ‘अमानवीय’ अनुभवांच्या धाग्यावर लिहितेय.

आधीच सांगते, मी देवालाही कामापुरते हात जोडणारी बाई. भूत, करणी, नजर वगैरेंसाठी मला वेळच नव्हता हो! एकोणनव्वद-नव्वदच्या सुमाराची गोष्ट. आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये तळमजल्यावर राहायचो. आमचे हे जांभूळच्या पाण्याच्या केंद्रावर शिफ्टमध्ये. मी अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. आठ तास टकटक टकटक, मग घरी येऊन कणीक, भाजी, भांडी, उद्याचा डबा. उजव्या हाताची मधली दोन बोटं आणि मानेची एक शीर संध्याकाळपर्यंत अशी ठणकायची की पोळी लाटताना डोळ्यांत पाणी यायचं. कौतुक म्हणून सांगत नाही, तेव्हा सगळ्याच बायकांचं असं होतं. पण मी थकले होते. आयुष्यात तेवढी थकलेली मी नंतर कधीच नव्हते.

एका गोष्टीत मात्र मी पक्की — घासाघीस. उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांची एक नस मला सापडली होती. बोहनी! म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत पाठवायचं नाही, दिवस खराब जातो, ही त्यांची श्रद्धा. मग मी काय करायची? आमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. शुक्रवारी नऊच्या आत जाऊन शटरसमोर उभी. दुकानदार उदबत्ती ओवाळतोय तोवर मी आत, आणि असा भाव सांगायची की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. तो कळवळायचा, पण देऊन टाकायचा. मला याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

जानेवारीतल्या एका शुक्रवारी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका जुन्या फर्निचरच्या दुकानात शिरले. मालक साठीचा सिंधी माणूस, सगळे त्याला चाचा म्हणायचे. कोपऱ्यात वेताची आरामखुर्ची होती. सागवानी हात, रुंद पाठ, झिजून झिजून गुळगुळीत झालेली. भाव विचारला तर म्हणाला, “तीन सौ.” जुन्या खुर्चीला तीनशे! मी म्हटलं, “चाळीस.”

चाचा रागावला नाही, हसलाही नाही. त्याने मागे वळून पाहिलं. दुकानाच्या आतल्या भागात एका खाटेवर त्याची बायको पडून होती, भिंतीकडे तोंड करून. सकाळी नऊ वाजता झोपलीय, म्हणजे मजा आहे, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, हेवाच वाटला.

“बाई, दूसरा कुछ ले लो. वो टेबल देखो, सस्ते में देता हूँ.”

“नाही चाचा, खुर्चीच. आणि बोहनी आहे हं, ना म्हणायचं नाही.”

त्याने पुन्हा एकदा खाटेकडे पाहिलं. मग माझ्या हातून नोटा घेऊन कपाळाला लावल्या. “ले जाओ. पण बोहनीचा माल वापस नहीं होता, याद रखना.” मी म्हटलं, परत कोण द्यायला येतंय!

घरी खुर्ची मागच्या ओट्यावर ठेवली. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून आले, पर्स टाकली आणि दहा मिनिटं म्हणून बसले.

आता हे कसं सांगावं... अंगातून कुणीतरी ओली चादर पिळून काढावी, तसं झालं. बोटांतला ठणका गेला. मान मोकळी. उठले तेव्हा सकाळी उठल्यासारखी ताजी होते. डुलकी लागली असेल, म्हटलं. पण रोज तसंच! वीस मिनिटं बसायचं आणि उठून घर डोक्यावर घ्यायचं. मी चकल्या केल्या, गोधडी शिवायला घेतली. हे म्हणाले, “काय गं, टॉनिक-बिनिक चालू केलंस का?” यांना ती खुर्ची आवडायची नाही, पाय लांब असल्यामुळे तीत अवघडायला व्हायचं. त्यामुळे ती आईचीच खुर्ची झाली.

आईची म्हणजे मंजिरीच्या आईची, माझी. मंजिरी आमची एकुलती एक, तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत. पोरगी म्हणजे भिंगरी. दोरीवरच्या उड्या मारायला लागली की शेजारच्या भोईर मावशी ओरडायच्या, “गो पोरी, जमीन फुटंल!”

फेब्रुवारीत ती मंदावली. शाळेतून आल्यावर ठीक असायची, पण दिवेलागणीला गळून जायची. गृहपाठ करताना वहीवर डोकं. खेळायला बोलवायला आलेल्या मुली परत जायच्या. मार्चमध्ये डॉक्टर झाले — रक्त, लघवी, छातीचा फोटो. सगळं नॉर्मल. “वाढीचं वय आहे, लोह द्या, खजूर द्या.” दिलं सगळं. डोळ्यांखाली काळं व्हायला लागलं पोरीच्या. मग कल्याणचे मोठे डॉक्टर. त्यांनी तिला विचारलं, “बाळा, दुखतं कुठे?”

तिने उजवा हात पुढे केला. मधली दोन बोटं दाखवली. मग मानेवर हात ठेवला, बरोबर त्या शिरेवर.

“खूप लिहिते का?” डॉक्टरांनी विचारलं. तिसरीतली मुलगी कितीसं लिहिणार?  ती बोटं, ती शीर कुणाची, ते तेव्हा मला स्वतःलाही मान्य करायचं नव्हतं.

एप्रिलमध्ये खुर्चीचा वेत तुटला. विणायला दिली, आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत माझी हालत विचारू नका. एकदा तर परातीत कणीक तशीच टाकून मी जमिनीवर आडवी झाले. आणि मंजिरी? तिसऱ्या दिवशी तिने दोरी काढली. पाचव्या दिवशी भोईर मावशी पुन्हा ओरडल्या. मला इतका आनंद झाला... लोहाच्या गोळ्या लागू पडल्या, म्हटलं.

नवव्या दिवशी खुर्ची आली. मी ओट्यावर बसले. समोर अंगणात मंजिरी उड्या मोजत होती. “एकतीस, बत्तीस, तेहतीस...” माझ्या बोटांतला ठणका ओसरायला लागला. “अडतीस... एकोणचाळीस...” आणि थांबली. दोरी खाली पडली. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळायला लागली. अगदी मी चोळायची तशी.

मी ताडकन उठले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा बसले, ती आत पाढे म्हणत असताना. बाराच्या पाढ्यात आवाज बारीक झाला आणि बंद पडला. एवढं पुरे होतं मला.

शुक्रवारी कॅम्प चार गाठलं. भांडायच्याच तयारीने गेले होते. दुकानात पाहते तर एक बाई सलवारीचे पाय खोचून सोफ्याच्या सांगाड्यावर खिळे ठोकत होती. हातोडा असा चालत होता की बघत राहावं. आतली खाट रिकामी होती; म्हणजे ही तीच, चाचाची बायको!

चाचाने मला ओळखलं. बाहेर बाकड्यावर बसवलं, चहा मागवला. मी म्हटलं, “चाचा, तुम्हाला माहीत होतं. लहान पोर आहे माझं! अशी वस्तू विकताना लाज नाही वाटली?”

“मैं बेच कहाँ रहा था बाई?” तो म्हणाला. “पचास की कुर्सी का तीन सौ क्यों बोला? कोई ले नहीं, इसलिए. आपने बोहनी में माँग लिया. बोहनी को मैं ना कैसे बोलता?”

 मी चहाचा ग्लास बाकड्यावर ठेवला.

“चार साल ये लेटी रही,” तो बायकोकडे न बघता म्हणाला. “पहले मालूम नहीं था. मालूम पड़ा, उसके बाद भी मैं दो साल बैठा. रोज सोचता, आज आखरी.”

“मग मोडून का नाही टाकली?”

“हाथ नहीं उठा.”

मी म्हटलं, परत घ्या, चाळीस रुपयेही नकोत. त्याने हात जोडले. “बोहनीचा माल है, वो बात तो है ही. पण सच बोलूँ? दुकान में वापस आयी, तो मैं बैठूँगा. मेरे को मालूम है.”

काय माणूस आहे! दोन वर्षं? स्वतःच्या बायकोचं रक्त पिऊन? परत येताना रिक्षात मी त्याला मनातल्या मनात नाही नाही त्या शिव्या दिल्या. यांना सगळं सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, “तुला विश्रांतीची गरज आहे.” 

खुर्ची मोडून बंबात घालायची, असं मी ठरवलं. ऑफिसातून आल्यावर कोयता हातात धरायचं त्राण नसायचं, म्हणून शुक्रवार धरला. तोवर ती ओट्यावर उलटी करून ठेवली आणि बसले नाही. मे महिना, शाळेला सुट्टी. मंजिरी बरी दिसत होती. त्या शुक्रवारी भोईर मावशी तिला त्यांच्या जांभूळकडच्या शेतावर घेऊन गेल्या, करवंदं काढायला. हे ड्युटीवर.

सकाळपासून मी चादरी धुतल्या, माळा काढला, धान्य वाळत घातलं. दोन वाजता कोयता घेऊन ओट्यावर आले. खुर्ची सुलटी केली, घाव नीट बसावा म्हणून. मान इतकी दुखत होती की कोयता उचलेना. आणि मी काय विचार केला सांगू? पोर इथे नाहीये. शेत केवढं लांब आहे. तिथवर कसं पोचेल? आणि मोडायचीच तर आहे... एकदा.

मी बसले. वीस मिनिटं नाही, पाऊण तास. कळत होतं मला सगळं. झोप लागली, गुंगी आली, असं काहीही म्हणणार नाही. उघड्या डोळ्यांनी बसले होते.

पाच वाजता भोईर मावशी आल्या, मंजिरीला खांद्यावर टाकून. मावशींचा चेहरा पांढरा पडलेला. “करवंदं काढता काढता बसली गो खाली. हाका मारल्या, हलवली, उठंच ना! ऊन लागलं का काय?” पोरीचा उजवा हात मावशींच्या पाठीवर लोंबत होता, बोटं आखडलेली. तिला खाली ठेवलं तेव्हा डोळे किलकिले करून एवढंच म्हणाली, “आई, मी दमले गं.”

मावशी समोर उभ्या असतानाच मी कोयता घेतला. हात थरथरत नव्हते हो... अंगात भरपूर ताकद होती, तीच तर लाज होती! वीस घावांत खुर्चीचे तुकडे केले. त्याच संध्याकाळी सगळी बंबात घातली. वेगळा वास नाही, आवाज नाही, साधं सागवान जळतं तशी जळली. मंजिरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. पंधरा दिवसांनी दोरी पुन्हा सुरू झाली, आणि परत कधी थांबली नाही.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाई म्हणतात, पोरांना असा थकवा येतो, व्हायरल असतो, आपोआप जातो. मुलं आईचं बघून नक्कल करतात, म्हणून बोटं. असेलही. पण तीन किलोमीटरवरून नक्कल कशी करणार? चाचाचं दुकान पुढे कधीतरी उठलं, मी चौकशी केली नाही.

मंजिरीला यातलं काही माहीत नाही. तिच्या लेखी लहानपणी तिला ‘अशक्तपणा’ आला होता आणि आईने फार केलं तिचं. आता तिला नोकरी आहे, दोन मुलं आहेत, फोनवर म्हणते, आई, तू हे सगळं कसं निभावलंस गं? मी विषय बदलते.

पश्चात्ताप होतो का? रोज होतो. पण इथे नावही लपवून लिहितेय, तर एक खरं सांगून टाकते. त्या शुक्रवारची आठवण आली की आधी डोळ्यांसमोर पोरीचा लोंबता हात येत नाही. आधी आठवतं ते खुर्चीतून उठल्यावर माझं अंग किती हलकं झालं होतं, ते.